नकाराची पोच



या व्याख्यानमालेच्या चालकांनी जेव्हा मला आजचा विषय कळविला, तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की, ज्याच्यापाशी वैद्यकीची पदवी नाही, ज्याने वकिलीची सनद कधी घेतली नाही आणि ज्याची सारी हयात महसूल खात्यात आलेले अर्ज आवक-जावकेच्या वहीत चढविण्यात गेली, अशा माणसाने ‘आरोग्यसेवा हा सरकारने हमी द्यावा असा हक्क आहे काय’ या प्रश्नावर विट्यासारख्या जाणत्या गावात बोलावे काय? दुसरा विचार असा आला की, हक्क म्हणजे काय हे न्यायाधीशाला ग्रंथांतून कळत असेल, पण कचेरीच्या खिडकीमागे बसणाऱ्या कारकुनाला ते समोर उभ्या राहिलेल्या माणसाच्या बोलण्यावरून रोज कळत असते; तो माणूस ‘साहेब, तेवढी मेहेरबानी करा’ असे म्हणतो की ‘माझ्या अर्जाची पोच द्या’ असे म्हणतो, एवढ्यावरून त्याला मिळावयाची वस्तू दान आहे की हक्क आहे, याचा निवाडा होऊन जातो. या दुसऱ्या विचाराच्या बळावर मी येथे उभा आहे.

आपल्या मुलखात राज्यकर्त्याने रयतेला काही देण्याच्या रीती जुन्या आहेत. इनामे होती, वर्षासने होती, दुष्काळात तगाई होती, शेतसाऱ्याची सूट आणि तहकुबी होती. यांपैकी प्रत्येक गोष्टीने कोणाचे तरी घर तगले, हे मी नाकारीत नाही; परंतु जे मर्जीने मिळते ते मर्जी फिरली की जाते, हे ज्यांच्या सनदा गेल्या शतकाच्याही आधी इनाम कमिशनपुढे तपासल्या गेल्या त्या घराण्यांना जसे कळले, तसे ते आज दर निवडणुकीच्या आगेमागे नाव बदलणाऱ्या योजनांच्या लाभार्थ्यांनाही कळते. ‘लाभार्थी’ हा शब्दच पाहा. ज्याला लाभ व्हावा अशी कोणी तरी इच्छा केली आहे, तो लाभार्थी. त्या शब्दात देणारा कर्ता आहे आणि घेणारा नुसता हात पुढे करून उभा आहे. हक्कदार या जुन्या शब्दात तसे नाही; त्यात घेणारा कर्ता आहे आणि देणारा बांधलेला आहे.

आरोग्याच्या बाबतीत सरकार बांधलेले असावे, ही कल्पना आपल्याकडे कोणी काल-परवा परदेशाहून आणलेली नाही. १९४३ साली, म्हणजे ज्या काळात तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात येडेमच्छिंद्रचे नाना पाटील आणि त्यांचे सहकारी इंग्रजांचे सरकार बाजूला सारून आपले प्रतिसरकार चालवीत होते, त्याच काळात दिल्लीच्या सरकारने सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली आरोग्याची पाहणी करण्यासाठी एक समिती नेमली. तिचा अहवाल १९४६ साली आला. पैसे देण्याची ऐपत नाही एवढ्या कारणावरून कोणीही माणूस पुरेशा उपचाराला मुकता कामा नये, हे तत्त्व त्या समितीने आपल्या शिफारशींच्या मुळाशी ठेवले. आणि तत्त्व सांगून ती थांबली नाही, तर दहा ते वीस हजार लोकवस्तीमागे पंचाहत्तर खाटांचे रुग्णालय, असा दीर्घ मुदतीचा हिशेबही तिने मांडला. आज सपाटीवरच्या तीस हजार लोकवस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे असा सरकारी निकष आहे, आणि त्या केंद्रात खाटा असतात चार-सहा. भोर समितीचा अहवाल स्वतंत्र भारताच्या उंबरठ्यावर ठेवला गेला होता. उंबरठा आपण ओलांडला, पण अहवाल बाहेरच राहिला.

राज्यघटनेने पुढे लोकांचे पोषण व आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य म्हणून सत्तेचाळिसाव्या अनुच्छेदात लिहिले. पण तो अनुच्छेद ज्या भागात बसविला त्या भागातील तत्त्वांसाठी न्यायालयात दाद मागता येत नाही. कर्तव्य लिहिले, पण ते न केल्यास वसूल कसे करावयाचे हे लिहिले नाही. ही उणीव सर्वोच्च न्यायालयाने एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काच्या आधारे थोडीफार भरून काढली. १९८९ साली त्याने सांगितले की अपघातग्रस्ताला पोलिसांचे सोपस्कार पुरे होईपर्यंत तिष्ठत ठेवता येणार नाही, आधी उपचार झाला पाहिजे. १९९६ सालच्या पश्चिम बंगालमधील खटल्याची हकिकत तर अधिक बोलकी आहे. एक शेतमजूर आगगाडीतून पडला, त्याच्या डोक्याला मार लागला, आणि एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी, कोठे साधन नाही म्हणून तर कोठे खाट नाही म्हणून, त्याला पुढे धाडले. शेवटी खाजगी रुग्णालयात सतरा हजार रुपयांच्या घरात खर्च करून तो वाचला. न्यायालयाने त्याला पंचवीस हजार रुपयांची भरपाई देवविली आणि असे ठरविले की, वेळेवर उपचार न देणे हा जीविताच्या हक्काचाच भंग आहे आणि पैशाची अडचण ही सरकारला या कर्तव्यातून सुटण्याची सबब होऊ शकत नाही. निकाल थोर आहे. परंतु घटना १९९२ ची आणि निकाल १९९६ चा. ज्याच्या डोक्याला मार लागला आहे त्याने चार वर्षे थांबावे, अशी ही दाद आहे, आणि ती मागण्यासाठी त्याच्या पाठीशी एक मजूर संघटना उभी होती म्हणून ती मिळाली.

आता मी आपल्या जिल्ह्याकडे वळतो. मिरजेचे नाव घेतल्यावाचून या भागात आरोग्याविषयी बोलताच येत नाही. विल्यम वॉनलेस हे मिशनरी डॉक्टर तेथे आले आणि संस्थानिकांनी दिलेल्या जागेवर १८९४ साली त्यांचे रुग्णालय उभे राहिले. पुढे वैद्यकीय शाळा निघाली, क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम झाले, आणि आगगाडीच्या जंक्शनाइतकेच मिरजेचे नाव रुग्णांच्या तोंडी झाले. आमच्या गावात कोणाचे दुखणे हाताबाहेर गेले की ‘मिरजेला न्या’ एवढेच म्हणत; कोठे, कोणाकडे, हे सांगावे लागत नसे. या सेवेचे ऋण मोठे आहे आणि ते मी नतमस्तक होऊन मान्य करतो. पण करुणेच्या दारात उभ्या राहिलेल्या माणसाला तक्रार करता येत नाही, ही करुणेची मर्यादा आहे. ज्याने आपण होऊन दिले त्याला ‘कमी का दिले’ असे कोण विचारणार?

आणि सरकारचे म्हणाल, तर आरोग्याच्या नावाने सरकार रयतेच्या घरात प्रथम शिरले ते शिपाई घेऊन. १८९७ च्या प्लेगात साथीच्या रोगांचा कायदा झाला आणि पुण्यात घराघरांची झडती सुरू झाली. त्या जुलुमाचा शेवट कसा झाला हे सर्वांस ठाऊक आहे. त्याच प्लेगात, त्याच पुण्याजवळ, सावित्रीबाई फुले यांनी आपले डॉक्टर पुत्र यशवंत यांच्या दवाखान्यात रुग्ण आणविले, त्यांची शुश्रूषा केली, आणि १० मार्च १८९७ रोजी त्या स्वतः त्याच रोगाने गेल्या. सावित्रीबाई नायगावच्या, आणि महात्मा फुल्यांचे मूळ गाव आपल्या शेजारच्या खटाव तालुक्यातले कटगुण. एकाच वर्षी, एकाच रोगात, एका बाजूला हुकूम होता आणि दुसऱ्या बाजूला माया होती. हुकूमही नव्हे आणि माया हीच एक आशाही नव्हे, असा तिसरा मार्ग, ज्यात आजारी माणूस आपले मागणे ताठ मानेने मागू शकतो, तो तेव्हा कोणापाशीच नव्हता.

तो तिसरा मार्ग पुढे सापडला, आणि तो याच जिल्ह्यात सापडला, हे सांगण्यासाठी मी खरे तर आज आलो आहे. मात्र तो आरोग्यासाठी नव्हे, तर कामासाठी सापडला. तासगाव तालुक्यातील विसापूर हे गाव येथून फार लांब नाही. विधान परिषदेचे सभापती असलेले वि. स. पागे यांनी एकोणिसशे साठच्या दशकाच्या अखेरीस त्या गावात एक प्रयोग केला: ज्याला काम पाहिजे त्याला काम द्यावयाचे. पुढे बहात्तरचा दुष्काळ आला. तो दुष्काळ आठवणारी माणसे या सभेत असतील. आटलेल्या विहिरी, दावणीची जनावरे सोडून देण्याची वेळ, खडी फोडणाऱ्या बायांचे फुटलेले हात आणि दुपारी वाटली जाणारी सुकडी त्यांच्या डोळ्यांपुढे अजून असेल. त्या दुष्काळात पाग्यांच्या कल्पनेला राज्यव्यापी रूप आले, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. संतवाङ्मयात रमणाऱ्या या गृहस्थाने कायद्याच्या भाषेत एक साधा शब्द बसविला: हमी.

या शब्दाचे सामर्थ्य मी कचेरीत बसून पाहिले आहे, म्हणून त्याबद्दल जरा विस्ताराने बोलण्याची मला अनुज्ञा असावी. मी नोकरीस लागलो तेव्हा पहिली काही वर्षे माझ्याकडे रोजगार हमीचे टेबल होते. त्याआधीही दुष्काळी कामे निघत, मजूर त्यांवर जात. पण ते काम ‘काढणे’ हे मामलेदाराच्या हाती असे आणि ते निघाले तर मेहेरबानी समजत. कायद्याने तीन गोष्टी केल्या. ज्याला काम पाहिजे त्याचा अर्ज घेतलाच पाहिजे आणि त्याला पोच दिलीच पाहिजे. पंधरा दिवसांत काम दिले पाहिजे. न दिले तर बेकारी भत्ता द्यावा लागेल, आणि तो सरकारी खजिन्यातून जाईल. भत्ता रोज एक रुपया होता, आणि तोही फार थोड्यांच्या हाती पडला, हे मला ठाऊक आहे. हजेरीपत्रकातले घोळ, महिना-महिना थकलेला पगार, मुद्दाम न दिलेल्या पोचा, हे सारे मी आतून पाहिले आहे. तरीही त्या पोचेच्या चिठोऱ्यात जे होते ते सरकारच्या दुसऱ्या कोणत्याही कागदात नव्हते. तिच्यावर तारीख होती, आणि तारखेपासून पंधरा दिवस मोजता येत होते. एके सकाळी आटपाडीकडच्या एका गावच्या चाळीसेक बाया कचेरीच्या पायरीवर येऊन बसल्या, त्यांच्यापैकी एकीला सही करता येत नव्हती, पण तिने पदराच्या गाठीतून ती पोच काढली, टेबलावर पसरली आणि बोटाने तारीख दाखवून म्हणाली, “आज सतरावा दीस हाय.” तिने हात जोडले नाहीत. आमचे साहेब, जे एरवी खुर्चीतून हलत नसत, ते उठून उभे राहिले.

पैशाचा प्रश्नही त्या कायद्याच्या कर्त्यांनी टाळला नाही. १९७५ साली व्यवसाय कर बसविला, शहरांतील पगारदारांकडून आणि धंदेवाल्यांकडून तो घेतला, त्यात सरकारने आपला वाटा घातला, आणि त्यातून खेड्यातल्या मजुराची मजुरी उभी राहिली. मुंबईच्या कारकुनाच्या पगारातून कापलेले काही रुपये आमच्या माणदेशातल्या पाझर तलावाच्या मातीत आले. आरोग्याच्या हमीला पैसा कोठून आणावयाचा, असे जेव्हा कोणी मोठ्या गांभीर्याने विचारतो, तेव्हा मला हे आठवते. पैसा कोठून येतो हे महाराष्ट्राला एकदा कळले होते. १९७५ साली जे राज्य आजच्यापेक्षा पुष्कळच गरीब होते, त्याला जे परवडले ते आज परवडणार नाही, ही गोष्ट माझ्या गळी उतरत नाही. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने राज्यांनी आपल्या अंदाजपत्रकाचा आठ टक्क्यांहून अधिक भाग आरोग्यावर खर्चावा असे सांगितले होते, त्याला २०२० ची मुदत घातली होती. महाराष्ट्र त्या टप्प्यापासून पुष्कळच दूर राहिला. कमतरता पैशाची तेवढी नाही. बांधून घेण्याची आहे.

कोणी म्हणेल, सरकारने काहीच केले नाही काय? पुष्कळ केले. २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, पुढल्या वर्षी ती साऱ्या राज्यात आली, २०१७ पासून ती महात्मा फुल्यांच्या नावाने चालते. आरंभी दीड लाखाचे संरक्षण होते, ते आता पाच लाखांचे झाले आणि पिवळ्या-केशरी शिधापत्रिकेची अटही राहिली नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरापासून उपचारापर्यंत पैसे घेणे बंद झाले. हृदयाची शस्त्रक्रिया होऊन घरी परतलेली माणसे मी या तालुक्यात पाहिली आहेत, ज्यांच्या वडिलांच्या पिढीत त्याच दुखण्याने घरात फक्त फोटो उरत असे. या गोष्टी चांगल्या आहेत, आणि त्या करणाऱ्यांना मी धन्यवाद देतो. परंतु शासन निर्णयाने आलेली गोष्ट दुसऱ्या शासन निर्णयाने जाते. आणि योजनेला यादी असते: रोगांची यादी, रुग्णालयांची यादी, कागदपत्रांची यादी. मधुमेहाच्या गोळीला आणि रक्तदाबाच्या रोजच्या औषधाला, म्हणजे ज्या किरकोळ वाटणाऱ्या खर्चाने घर हळूहळू पोखरते त्याला, या यादीत ठाव नाही. ते दुखणे मोठे होऊन शस्त्रक्रियेपर्यंत पोचले की मग यादी त्याला ओळखते.

कागदपत्रांच्या यादीचे मी काय सांगू! धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि आणखी दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्यात, अशी योजना मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली घालून दिली. त्या सवलतीसाठी उत्पन्नाचा दाखला लागे, आणि तो दाखला आमच्या कचेरीतून जाई. संध्याकाळी पावणेसहाला, टेबले आवरत असताना, हाफ चड्डीतला एखादा मुलगा धापा टाकीत येई. बाप दवाखान्यात पडलेला, आणि तेथून सांगितलेले की उद्या दहापर्यंत दाखला आणा. दाखल्याला तलाठ्याचा अहवाल लागे, तलाठी दुसऱ्या गावी पंचनाम्याला गेलेला असे. तो मुलगा व्हरांड्यात रात्र काढी. आम्ही निर्दय नव्हतो; आमच्यापैकी अनेकांनी स्वतः मोटारसायकल काढून तलाठ्याला गाठले आहे. पण आजारी माणसाने आपली गरिबी आधी सिद्ध करावी आणि मग जगावे, हा क्रम ज्याने ठरविला त्याने कधी तो व्हरांडा पाहिला नसावा.

आता विट्याच्या माणसांपुढे विट्याच्याच धंद्यांची गोष्ट काढली तर गैर होणार नाही. येथे यंत्रमागांचा खडखडाट चालतो. मागावर बारा-बारा तास उभा राहणारा कामगार, कांड्या भरणाऱ्या बायका, सायझिंगच्या वाफेत वावरणारी माणसे. १९४८ साली कामगार राज्य विमा कायदा झाला, आणि तो हक्काचा एक खरा नमुना आहे, कारण मालक आणि कामगार दोघेही त्यात वर्गणी भरतात आणि कामगार दवाखान्यात आपल्या पैशाच्या बळावर जातो. पण तो विमा लागू होण्यासाठी कारखान्यात दहा कामगार लागतात. ज्या शेडमध्ये चार माग आणि तीन माणसे आहेत तेथे कायदा दाराशी येऊन परत जातो. धूळ फुप्फुसात जाताना मात्र कामगार मोजून जात नाही.

आणि दुसरा धंदा गलाईचा. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठे महांकाळ, खटाव, माण या कोरड्या तालुक्यांतली माणसे पावसाने पाठ फिरविली म्हणून सोने गाळायला बाहेर पडली आणि आज भारतातील असा मोठा सराफ बाजार क्वचितच असेल, जेथे एखाद्या बोळात आपल्याकडचा माणूस मूस तापवून बसलेला नाही. बाहेरून या धंद्याला सोन्याची झळाळी दिसते. आत गेल्यावर दिसते ती दहा बाय दहाची खोली, कोपऱ्यात भट्टी, चिमटा, आणि पत्र्याच्या धुराड्याखाली उकळणारे तेजाब. चांदी त्यात विरघळते, सोने तळाशी काळपट भुकटी होऊन राहते, आणि विरघळताना जो तांबूस पिवळा धूर उठतो तो घशाला आधी नुसता झोंबतो; तो फुप्फुसावर काय करतो हे कधी कधी तासांनी, आणि पुष्कळदा वर्षांनी कळते. हा माणूस केरळात किंवा आसामात आजारी पडला तर त्याचा हक्क कोठे आहे? त्याची शिधापत्रिका विट्याला, त्याचा मतदारयादीतला क्रमांक विट्याला, त्याची योजना महाराष्ट्रातल्या रुग्णालयांच्या यादीत. केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेचे कार्ड देशभर चालते हे खरे, पण मुख्यतः ज्याच्या घराचे नाव २०११ च्या गणनेतून निघालेल्या यादीत पडले त्याच्यासाठी. सीमाभागातील ८६५ गावांना महाराष्ट्राने २०२३ साली आपल्या आरोग्य योजनेत घेतले; ते योग्यच केले. जो हक्क गावाबरोबर सीमा ओलांडू शकतो, तो माणसाबरोबर का ओलांडू नये?

याच तालुक्यात येरळेच्या पात्रावर बलवडी-तांदुळवाडीच्या लोकांनी ऐंशीच्या दशकात बळीराजा धरण बांधले. त्या धरणाच्या पाण्याचे तत्त्व असे ठरले की पाणी जमिनीच्या एकरावर वाटावयाचे नाही, कुटुंबावर वाटावयाचे, आणि ज्याला गुंठाभर जमीन नाही त्यालाही वाटा द्यावयाचा. भूमिहीनाला पाणी काय करावयाचे, असे शहाणे लोक विचारीत. ज्यांनी दुष्काळ भोगला होता त्यांना हा प्रश्न पडला नाही. ज्या मातीत हे सुचू शकते, तिला आरोग्य हे पाकिटाच्या वजनावर वाटावयाचे नसते हे पटविण्यासाठी माझ्या व्याख्यानाची गरज नाही.

डॉक्टरांच्या बाजूचा आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेतो. राजस्थानने मार्च २०२३ मध्ये आरोग्याच्या हक्काचा कायदा केला, देशातला पहिला, आणि तेथील खाजगी डॉक्टर रस्त्यावर उतरले. तातडीचा रुग्ण आम्ही पैशावाचून घ्यावयाचा, आणि आमचे बिल कोण, केव्हा, किती देणार ते स्पष्ट नाही, अशी त्यांची कैफियत होती. शेवटी तडजोड झाली आणि सरकारी सवलत न घेतलेली खाजगी रुग्णालये त्यातून वगळली गेली. त्या डॉक्टरांना स्वार्थी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण कर्ज काढून वीस खाटांचे रुग्णालय उभारणाऱ्या तालुक्याच्या डॉक्टराकडून सरकारने आपले कर्तव्य फुकटात करून घ्यावे, ही हमी नव्हे, वेठबिगार आहे. हुंडी ज्याने लिहिली त्याच्याच पेढीवर ती वटली पाहिजे. रोजगार हमीत काम न मिळाल्याचा भत्ता गावच्या पाटलाच्या खिशातून गेला नाही, सरकारी खजिन्यातून गेला. आरोग्याच्या हमीतही हीच रीत पाहिजे. आणि जागा भरलेली नसेल, डॉक्टर नसेल, भूल देणारा नसेल, तर कायद्याचा कागद कोणाचीही नस शिवू शकणार नाही, हेही तितकेच खरे. म्हणून मी कायद्याआधी माणसे भरा असे म्हणतो काय? नाही. माणसे भरली जात नाहीत याचे कारणच हे आहे की, न भरल्याने सरकारचे काही अडत नाही. हमीचा भार खजिन्यावर पडू लागला की रिकाम्या जागा भरणे स्वस्त पडेल.

म्हणून माझी मागणी लहान आहे. आरोग्याच्या हक्काचा कायदा महाराष्ट्राने करावा, आणि त्यात इतर काहीही असो वा नसो, एक कलम असावे: दुखणे घेऊन आलेल्या कोणत्याही माणसाला कोणत्याही रुग्णालयातून परत पाठवावयाचे झाल्यास तसे लेखी द्यावे. त्यावर वेळ असावी, कारण असावे, पाठविणाऱ्याचे नाव व हुद्दा असावा, आणि पुढे कोठे पाठविले व कोणत्या वाहनाने, तेही असावे. रोजगार हमीत पुढे नमुना चारने काम मागत आणि नमुना पाचने पोच मिळे. कामाला पंधरा दिवस थांबता येते, दुखण्याला येत नाही, म्हणून येथे पोच मागण्याचीही वाट पाहू नये, ती नकाराबरोबरच हाती पडावी. एवढा एक कागद निर्माण झाला की बाकीचे त्याच्यामागून येईल. ज्या रुग्णालयात महिन्याला दोनशे नकार लिहिले गेले तेथे खाटा का नाहीत हे विधानसभेत विचारता येईल, कारण मग तो आकडा असेल, ओरड नसेल.

ही मागणी माझ्या मनात कोठून आली हे सांगून मी थांबणार आहे. माझे धाकटे चुलते दक्षिणेतल्या एका शहरात गलाईच्या दुकानावर बावीस वर्षे होते. धाप लागू लागली तेव्हा ते गावी आले. पौषातल्या एका रात्री त्यांना श्वास घेता येईना. आम्ही शेजाऱ्याची जीप काढली. पहिल्या ठिकाणी अनामत रक्कम भरल्याशिवाय घेणार नाही असे सांगितले. दुसऱ्या ठिकाणी खाट नव्हती. त्या ठिकाणी खिडकीत जो बसला होता तो माझ्याच वयाचा होता. त्याने मान वर न करता ‘पुढे न्या’ म्हटले, आणि मला त्याच्यावर रागावता आले नाही, कारण तशीच मान खाली घालून मीही कित्येकांना उद्या या असे म्हटले होते. त्याच्यापाशी खाट नव्हती, अधिकार नव्हता, आणि नाही म्हटल्याबद्दल त्याला काही लिहावे लागत नव्हते. पहाटे तिसऱ्या ठिकाणी घेतले. चुलते अकरा दिवस जगले. बिलासाठी खरसुंडीच्या यात्रेत खिलारी खोंडांची जोडी विकली. चुलतीने त्यांच्या शिंगांना लावलेला हिंगूळ तसाच होता.

त्या दिवसांची सारी कागदपत्रे चुलतीने एका सराफाच्या दुकानाच्या कापडी पिशवीत जपून ठेवली आहेत. परवा या व्याख्यानासाठी मी ती मागून घेतली आणि कारकुनाच्या सवयीने अनुक्रमाने लावली. छातीचे दोन फोटो आहेत, रक्ताचे अहवाल आहेत, औषधांच्या पावत्या आहेत, बिल आहे, जनावरांच्या विक्रीची पावती आहे, मृत्यूचा दाखला आहे. रात्री साडेअकरा ते पहाटे पाच या वेळेचा एकही कागद त्या पिशवीत नाही.